अठ्ठावन्नचा उंबरठा आणि आयुष्याची दोरी

गेली काही वर्षे मोबाईलवर एक तक्ता फिरतो आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिलाही असेल. डाव्या बाजूला निवृत्तीचे वय आणि उजव्या बाजूला मृत्यूचे सरासरी वय. पन्नाशीत नोकरी सोडणारा माणूस ८६ वर्षे जगतो, आणि पासष्टीपर्यंत काम करणारा पुढच्या दीड-दोन वर्षांतच जातो, असे आकडे त्यात आहेत. खाली तात्पर्यही दिलेले असते. पंचावन्ननंतर कामावर काढलेले प्रत्येक वर्ष आयुष्याची दोन वर्षे खाते! आधाराला एका मोठ्या परदेशी विमान कंपनीचे नाव.

हा तक्ता मला शिक्षकांनी दाखविला, बँकेतल्या मंडळींनी दाखविला, एस.टी.तल्या एका वाहतूक नियंत्रकांनीही दाखविला. दाखविणाऱ्यांपैकी काही जण खरोखरच स्वेच्छानिवृत्तीच्या विचारात होते. घराचे हप्ते फिटायचे आहेत, मुलीचे शिक्षण चालू आहे, तरी 'डॉक्टर, जीव वाचतो तर पगार सोडलेला बरा' असे त्यांचे म्हणणे.

याच्या अगदी उलट असा दुसरा समजही आपल्याकडे तितकाच पक्का आहे. माणूस रिटायर झाला की खचतो आणि चार-पाच वर्षांत आटोपतो, असे म्हणणारे खूप भेटतात. आणि तिसरा समज घराण्याचा. 'आमच्याकडे सगळे नव्वदी पार करतात, मला काय होणार?' असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, 'वडील बावन्नाव्या वर्षी गेले, माझेही तेच व्हायचे.'

या तिन्ही समजुतींवर लोक मोठमोठे निर्णय घेतात. कुणी नोकरी सोडतो, कुणी गोळ्या सोडतो, तर कुणी आशाच सोडतो. म्हणून आज या तिघींची जरा नीट तपासणी करू.

तक्ता खरा की खोटा?

खोटा. ज्या कंपनीचे नाव त्यात घातले आहे, त्या कंपनीनेच हे आकडे नाकारले आहेत. परंतु तेवढेही कळण्याची गरज नाही. थोडा व्यवहारी विचार केला तरी पुरे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६५व्या वर्षी निवृत्त होतात. तक्ता खरा मानला तर बहुतेक माजी न्यायमूर्ती सदुसष्टी गाठण्याआधीच वारायला हवेत. प्रत्यक्षात सत्तरी-पंचाहत्तरीतले माजी न्यायमूर्ती चौकशी आयोगांवर आणि लवादांवर काम करताना आपण नेहमीच पाहतो.

मग लवकर निवृत्त झाल्याने आयुष्य वाढते का, याचा खरा अभ्यास झाला आहे का? झाला आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका तेल कंपनीच्या निवृत्त कर्मचाऱ्यांची अनेक वर्षे नोंद ठेवून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले लोक पासष्टीला निवृत्त झालेल्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. उलट, पंचावन्नला निवृत्त होऊन पासष्टी गाठलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिकच दिसले. अमेरिकेतच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, प्रकृती चांगली असणाऱ्या लोकांनी पासष्टीऐवजी सहासष्टीला निवृत्ती घेतली तर त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला.

'म्हणजे निवृत्ती वाईट!' असे म्हणून कुणी लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नये. इथे एक मेख आहे. पंचावन्नला नोकरी सोडतो तो कोण? बऱ्याचदा ज्याला हृदयविकार जडला आहे, ज्याचे गुडघे गेले आहेत, ज्याला दम लागतो, तोच आधी घरी बसतो. धडधाकट माणूस काम करीत राहतो. नंतर दोघांच्या आयुष्याची तुलना केली की लवकर निवृत्त होणारे लवकर गेलेले दिसतात. त्यात निवृत्तीचा दोष कमी आणि आधीच्या दुखण्याचा जास्त. आजारपणामुळे निवृत्ती आली, निवृत्तीमुळे आजारपण नव्हे. चांगले संशोधक हा फरक हिशोबात धरतात, आणि तो धरल्यावर इतकेच ठामपणे म्हणता येते की नोकरी सोडण्याच्या तारखेत आयुष्य वाढविण्याची किंवा तोडण्याची जादू नाही.

अठ्ठावन्न, साठ हे आकडे आले कुठून?

शरीराच्या आत असे काही घड्याळ नाही की जे अठ्ठावन्न किंवा साठ वर्षे पूर्ण होताच टोल देते. हे आकडे सरकारी तिजोरीने ठरविलेले आहेत. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ साली वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला, तेव्हा वय ठेवले होते सत्तर. पुढे १९१६ साली ते पासष्टवर आणले. आपल्या केंद्र सरकारात पूर्वी पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त करीत. १९६२ साली ते वय अठ्ठावन्न झाले आणि १९९८ साली साठ. तीच माणसे, तीच शरीरे. बदलला तो फक्त शासनाचा आदेश.

याच संदर्भात 'सरासरी आयुर्मान' या शब्दाबद्दलचा एक गोंधळ दूर केला पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारताचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. २०१६ ते २०२० या काळासाठी ते सुमारे ७० वर्षे धरले गेले. हे ऐकून एक साठ वर्षांचे गृहस्थ मला म्हणाले, 'म्हणजे माझी दहाच वर्षे उरली!' तसे नाही. स्वातंत्र्याच्या वेळीही साठ-सत्तर वर्षांचे आजोबा गावोगाव होतेच. सरासरी खाली ओढली जात होती ती तान्ह्या मुलांच्या मृत्यूने, बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांमुळे आणि साथींमुळे. सत्तर हा आकडा जन्मलेल्या बाळासाठी असतो. जो साठीपर्यंत सुखरूप पोचला, त्याने वाटेतले कितीतरी धोके ओलांडलेले असतात. आजच्या हिशोबाने भारतात साठीला पोचलेल्या माणसापुढे सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षे असतात.

ही सतरा-अठरा वर्षे म्हणजे लहान मुलाने बालवाडीत जाण्यापासून पदवी घेऊन बाहेर पडण्यापर्यंतचा काळ. एवढ्या मोठ्या काळाची तयारी आपण फक्त प्रॉव्हिडंट फंडापुरती करतो. शरीराच्या तयारीचे नावच नसते.

घराण्याचा वाटा किती?

आता आनुवंशिकतेकडे वळू. दीर्घायुष्य रक्तातून येते का, हे शोधायला शास्त्रज्ञांना जुळ्यांचा फार उपयोग झाला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके, म्हणजे आईवडिलांकडून येणारी गुणांची बीजे, सारखीच असतात. वेगवेगळ्या बीजांपासून झालेली जुळी मात्र साध्या भावंडांइतकीच एकमेकांसारखी असतात. आयुष्याची लांबी सर्वस्वी जनुकांवर असती, तर पहिल्या प्रकारची जुळी मागेपुढे जवळजवळ एकाच सुमारास गेली असती.

डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या २,८७२ जोड्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्याच्या लांबीतील फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आढळला. पुढे काही संशोधकांनी तो याहून कमी सांगितला. अलीकडे काहींनी अपघात, साथी वगैरे बाहेरच्या कारणांनी आलेले मृत्यू वेगळे काढून हिशोब केला, तेव्हा तो निम्म्याच्या आसपास गेला. शास्त्रज्ञांचा हा वाद चालूच राहील. परंतु कमीत कमी आकडा घ्या की जास्तीत जास्त, सगळे काही घराण्यावर आहे असे कुठलाच आकडा म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साठीच्या आत आनुवंशिकतेचा परिणाम फारसा दिसत नाही. त्यापुढे तो वाढत जातो. ऐंशीपर्यंत हिंडते-फिरते पोचणे हे पुष्कळसे सवयींवर असते. शंभरी गाठायची तर मात्र चांगल्या घराण्याचे देणे लागते. जगात सर्वांत दीर्घ आयुष्याची नोंद असलेल्या फ्रान्समधील जान काल्माँ बाई १९९७ साली १२२व्या वर्षी वारल्या. त्या अगदी म्हातारपणापर्यंत सिगारेट ओढीत. 'मग आम्ही ओढली तर काय बिघडले?' असे विचारणाऱ्यांना माझे सांगणे असते, की एखाद्याला लॉटरी लागते म्हणून शेजाऱ्याने शेत विकून तिकिटे घेऊ नयेत.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली १०४व्या वर्षी गेले. त्यांचे चिरंजीव, संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे, १९५३ साली ७१व्या वर्षी वारले. वडील त्यानंतरही नऊ वर्षे होते. वडील शतायुषी म्हणून मुलगा शतायुषी असा नियम नाही, आणि याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. अल्पायुषी बापाच्या मुलाने वयाची गणिते मांडून घाबरून बसू नये.

महर्षींच्या चरित्रात निवृत्तीच्या दृष्टीनेही एक गोष्ट आहे. फर्ग्युसन कॉलेजातून ते १९१४ साली निवृत्त झाले, आणि १९१६ साली, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. ज्या वयात आपण नारळ-शाल घेऊन घरी येतो, त्या वयात त्यांचे सर्वांत मोठे काम सुरू झाले. चालण्याची सवय तर लहानपणापासूनची. हिंगण्याच्या आश्रमाच्या सुरुवातीच्या दिवसांत पुण्याहून तिथवर ते पायीच जात. दूरचे उदाहरण हवे असेल तर जपानचे जिरोएमोन किमुरा पाहा. पोस्टातली नोकरी करून ते पासष्टीला निवृत्त झाले, नंतर नव्वदीपर्यंत शेतात काम केले आणि २०१३ साली ११६व्या वर्षी वारले. अर्थात या दोघांनाही घराण्याचे काही देणे असणारच. सगळे श्रेय चालण्याला किंवा शेताला देता येणार नाही. परंतु नोकरी संपली म्हणून हालचाल संपवायची नसते, एवढे तरी यातून घ्यावे.

घराणे म्हणजे शिक्षा नव्हे, सूचना

ज्यांच्या घरी वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला आहे, त्यांनी ही सूचना समजावी. वाटेवर 'पुढे वळण आहे' अशी पाटी असते, तशी. पाटी वाचून कुणी गाडीतून उडी मारीत नाही. वेग कमी करतो. घरात मधुमेह असेल तर साखर, वडिलांना लकवा मारला असेल तर रक्तदाब, हे इतरांपेक्षा लवकर आणि नियमित तपासावेत.

वेग कमी केल्याने उपयोग होतो का? पंचावन्न हजारांहून अधिक लोकांची जनुके व सवयी तपासणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराचा आनुवंशिक धोका ज्यांना सर्वांत जास्त होता, अशा लोकांचे दोन गट पडले. एका गटात धूम्रपान न करणारे, वजन आटोक्यात ठेवणारे, नियमित हालचाल करणारे व बरा आहार घेणारे, म्हणजे या चारांपैकी निदान तीन गोष्टी पाळणारे. दुसऱ्या गटात त्या न पाळणारे. पहिल्या गटातला धोका दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा निघाला. जनुके तीच, पण वागणूक बदलल्याने धोका निम्म्यावर आला.

आपल्या लोकांसाठी आणखी एक सूचना आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच माप छापले. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१ टक्के! हाडापेराने बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी लपलेली असते. म्हणून 'मी तर सडपातळ आहे, मला कसली शुगर?' हे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही. काट्यापेक्षा टेप बरी. बेंबीच्या सुमारास पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शिंप्याच्या टेपने हे घरच्या घरी मोजता येते.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसभर जिने चढणारा-उतरणारा. पगार, वस्ती बऱ्याच अंशी सारखी. तरी हृदयविकार कंडक्टरांत बराच कमी, आणि झाला तरी त्याने मृत्यू येण्याचे प्रमाणही कमी.

मॉरिस मोठे प्रामाणिक शास्त्रज्ञ. त्यांनी पुढे कामगारांच्या गणवेशातील पाटलोणींची मापे काढली, तर ड्रायव्हरांच्या कमरा नोकरीला लागतानाच जाड निघाल्या! म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येणार नाही, हे त्यांनीच दाखविले. परंतु चालत पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही त्यांना तसाच फरक दिसला, आणि पुढच्या कित्येक अभ्यासांनी हालचालीचा फायदा पक्का केला. स्वतः मॉरिस ९९ वर्षे जगले.

आता निवृत्तीकडे या दृष्टीने पाहा. नोकरीत असताना आपण नकळत कंडक्टर असतो. बसथांब्यापर्यंत चालतो, कचेरीचे जिने चढतो, वर्गात चार तास उभे राहतो. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी आपण ड्रायव्हर होतो, आणि तेही गाडी नसलेले! नोकरी वाईट की निवृत्ती वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. नोकरीने जी हालचाल, जी वेळेची शिस्त आणि जी माणसे आपल्याला फुकट दिली होती, त्यांच्या जागी आपण काय ठेवले, हा खरा प्रश्न.

निवृत्तीचे पहिले वर्ष

माझ्या अनुभवात बिघडते ते याच वर्षात. सकाळचा चहा एकाचा तीन वेळा होतो, त्याबरोबर खारी-बिस्किटे येतात. दुपारची वामकुक्षी दोन-अडीच तासांची होते आणि मग रात्री झोप येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या 'आता टेन्शन नाही' म्हणून बंद होतात. रक्तदाब हा काही साहेबांच्या ओरडण्याने होत नाही, तो रक्तवाहिन्यांचा विकार आहे. साहेब सुटले तरी तो राहतोच. डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही गोळी सोडू नये.

चालणे : साठीपुढच्या लोकांना दिवसभरात सहा ते आठ हजार पावले पुरेशी होतात, असे २०२२ साली अनेक अभ्यास एकत्र करून दिसले आहे. दहा हजारांचा हट्ट नको. घरातले, बाजारातले चालणेही यात धरावे. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घेरी असे काही झाले तर थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

ताकद व तोल : नुसते चालणे पुरत नाही. वयाबरोबर मांड्यांचे स्नायू झिजतात, माणूस न्हाणीघरात पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि तिथून पुढे अंथरूण धरतो. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीजवळ उभे राहून एकेका पायावर तोल सांभाळणे, हे आठवड्यातून दोन-तीन दिवस करावे. न्हाणीघरात धरायला दांडी आणि पायाखाली न घसरणारी फरशी हवी.

आहार : आपल्याकडे वय झाले की 'हलके' म्हणून रात्री दूध-बिस्किट किंवा नुसता भात खातात. म्हाताऱ्या स्नायूंना प्रथिनांची गरज असते. वरण, उसळ, ताक, दूध, चालत असल्यास अंडी-मासे रोज पोटात जावेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेल्या एका छोट्या चमच्याएवढे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच आले.

तंबाखू : ब्रिटनमधल्या डॉक्टरांचाच पन्नास वर्षे अभ्यास करून रिचर्ड डॉल यांनी २००४ साली दाखविले, की कायम सिगारेट ओढणाऱ्याचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते. भारतात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत बिडी ओढणाऱ्या पुरुषांची सहा वर्षे आणि बायकांची आठ वर्षे कमी झालेली दिसली. आता आशेची गोष्ट. डॉल यांच्याच हिशोबात साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यालाही सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा. 'आता या वयात सोडून काय उपयोग' या वाक्याला यापेक्षा चांगले उत्तर नाही. मिश्री आणि गाल्यात धरलेली तंबाखू यांनाही सूट नाही. तोंडाच्या कर्करोगाचे ते मोठे कारण आहे.

माणसे : १४८ अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१० साली असे मांडले गेले, की ज्यांचे नातेसंबंध व मैत्री घट्ट आहे त्यांची जगण्याची शक्यता एकट्या पडलेल्यांपेक्षा सुमारे दीडपट असते. कट्ट्यावरची गप्पांची बैठक, भजनी मंडळ, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ यांना वेळ घालविणे म्हणू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ मन कशातच लागत नसेल, भूक-झोप उडाली असेल, 'आपला काही उपयोग नाही' असे सतत वाटत असेल, तर ते म्हातारपण नव्हे, नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला औषध आहे.

ज्यांना निवृत्तीच नाही

हे सगळे लिहिताना मला दोन प्रकारच्या माणसांचे भान आहे. पहिली, शेतकरी आणि मजूर. त्यांच्या कामाला शेवटची तारीख नाही. हात चालतात तोवर काम. हालचाल त्यांना भरपूर आहे, पण तपासणी नाही. सत्तरीतला माणूस चक्कर येऊन बांधावर पडतो, तेव्हा कुठे त्याचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला जातो. शहरात नोकरी करणाऱ्या मुलांनी गावी जाताना आईवडिलांना मिठाई न्यावी. पण परतण्याआधी त्यांना आरोग्य केंद्रात नेऊन रक्तदाब आणि साखर जरूर तपासून घ्यावी.

दुसरी, घरातली बाई. नवरा निवृत्त झाला की तिचे काम वाढते. चहा वाढतो, दुपारचे जेवण गरम लागते, सगळे हातात द्यावे लागते. स्वतःचे गुडघे, अंगावरून जाण्याचा त्रास, छातीतली गाठ ती कुणाला सांगत नाही. पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त गेले तर एक दिवसही थांबू नये. आणि निवृत्त गृहस्थांना माझी विनंती, की भाजी आणणे, पाणी भरणे, आपले ताट धुणे, अंथरुणे काढणे एवढी कामे आपल्याकडे घ्यावीत. तुमची पावले भरतील, आणि तिलाही निदान अर्धी निवृत्ती मिळेल.

स्वेच्छानिवृत्ती घ्यावी की नाही, याचे एकच उत्तर मी सगळ्यांना देऊ शकत नाही. काम अंगमेहनतीचे असेल आणि शरीर साथ देत नसेल, कामाच्या जागी धूळ-रसायने असतील, रात्रपाळीने झोप मोडली असेल, तर अवश्य विचार करावा. पण प्रकृती ठीक आहे, पगाराची गरज आहे, आणि सोडल्यावर दिवसभर काय करायचे ते ठरलेले नाही, तर केवळ आयुष्य वाढेल या आशेने राजीनामा देऊ नये.

निवृत्तीला दोन वर्षे असतील तर आजपासून, आणि होऊन गेली असेल तर उद्यापासून, एक शंभर पानी वही करावी. पहिल्या पानावर आईवडील व भावंडांचे आजार आणि ते कोणत्या वयात झाले, ते लिहावे. दुसऱ्या पानावर रक्तदाब, रक्तातील साखर, पोटाचा घेर आणि वजन हे चार आकडे तारखेसह मांडावेत. डोळे, कान आणि दात दाखवून आल्याची तारीखही तिथेच टिपावी. तीन-तीन महिन्यांनी घेर व वजन घरी मोजावे, रक्तदाब व साखर डॉक्टर सांगतील तेव्हा तपासावी, आणि डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्यावी. तोंडी सांगितलेल्या दहा तक्रारींपेक्षा त्या दोन पानांवरून डॉक्टरांना तुमची प्रकृती अधिक चांगली कळेल.